पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा

मेहेर सिग्नलच्या अलीकडे, कोर्टाच्या भिंतीला टेकून
पत्र्याचं छप्पर. त्याखाली मी, माझा संगणक
आणि पक्षकारांसाठी एक बाकडं.

सकाळी दहा वीस. बटण दाबलं.
पंखा घरघरला, लांब शिट्टी झाली
आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी,
ज्यांचं मराठी मी सवयीनं मनात केलं:
कीबोर्ड सापडला नाही.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

कशानं दाबू रे?
नाकानं?

बाकड्यावर तुळसाबाई भोये.
पेठहून पहिल्या गाडीनं आलेल्या,
पिशवीत स्टँपपेपर, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.
रेशनकार्डावर तुळसाबाई, बँकेत तुळशीबाई;
दोन्ही मीच, एवढं एक वाक्य
त्यांना टाइप करून हवं होतं.

वायर हलवली. त्याच दोन ओळी.
बंद करून चालू केलं. त्याच.
कीबोर्ड पालथा धरून थोपटला:
चिवड्याची शेव, एक मोहरी,
कोर्ट फी तिकिटाचा दातेरी कोपरा.
परत लावला. नाहीच.

नऊ वर्षं हा माझ्या हाताखाली.
'के'च्या कळीवरचा काना माझ्याच बोटानं पुसलेला,
कारण अर्धा ण, अर्धा ष, अर्धा श,
सगळे येऊन त्याच कान्याला टेकतात
तेव्हा कुठे पूर्ण होतात.
आणि मशीन म्हणतंय, इथं कोणी नाही.

हनीफ कोकणीला फोन लावला.
दूध बाजारातल्या हातगाड्यांच्या गलक्यातून तो म्हणाला,
"प्रमिलाताई, पिन गोल का चपटी?"
"गोल. जांभळी."
"मग चालू मशीनमधून ओढू नका. आधी मेन बंद.
आता काढा, आत बघा. सहा काड्या सरळ आहेत?"

उजेड पुरेना. तुळसाबाई उठल्या,
माझा मोबाईल घेऊन बत्ती धरली,
न सांगता, बरोबर कोनात.
पाच सरळ. एक आडवी झोपलेली.
परवा झाडताना टेबल ओढलं होतं, ते आठवलं.

"रिकामी रिफील घ्या. तिच्या नळीत काडी धरा,
हळूच उभी करा. जोर लावाल तर तुटेल,
मग माझ्याकडेही इलाज नाही."

कोर्टाबाहेर रिकाम्या रिफिलींना काय तोटा.

"माज्या अंगठ्याचं बी असंच झालंय," तुळसाबाई म्हणाल्या,
"रेशनच्या मशीनवर ठिवला तर म्हणतं, बोट न्हाई.
दहाच्या दहा ठिवली.
दुकानदार म्हणला, बाई, भाताची लावणी कमी करा."
आणि हसल्या; बत्ती हलली.

मी काही बोलले नाही.
श्वास धरून बसले होते,
काडी उठत होती.

जांभळी पिन जांभळ्या भोकात, बाण वर.
बटण. पंखा. शिट्टी या खेपेला आखूड.
आणि उजव्या कोपऱ्यातले तीन हिरवे दिवे
एकदम लागले, एकदम विझले,
शाळेत उशिरा आलेल्या पोरानं
दारातूनच हजर म्हणावं तसे.

मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
तुळसाबाई व तुळशीबाई ही एकाच व्यक्तीची नावे असून
ती व्यक्ती मी स्वतः आहे.

खाली अंगठा उठला: निळा, गुळगुळीत,
नदीतल्या गोट्यासारखा, एक रेघ नाही.
नोटरीसाहेबांनी वर न पाहता शिक्का मारला.

संध्याकाळी आवरताना सहज दिसलं,
सगळ्या कळा घासून टकल्या झाल्यात,
एफ-वन तेवढी दुकानातून आणल्यासारखी.
कुणी कधी दाबलीच नाही.

दाबली.

एक खिडकी उघडली.
काय मदत हवी, म्हणून विचारत राहिली.
मी ती बंद केली, पत्र्याच्या दाराला कुलूप घातलं,
आणि सिग्नलपाशी आठवलं, हनीफला पैसे विचारायचे राहिले.